हुकमी डाव खुंटीला

हणमंतआप्पा वस्तादांना माणूस भेटला की ते आधी त्याला ढकलतात आणि मग रामराम घालतात.

ढकलणं जोराचं नसतं. बोलता बोलता तळहात समोरच्याच्या छातीवर टेकवायचा आणि जरासा रेटा द्यायचा. माणूस सावरताना कुठला पाय मागे घेतो, एवढंच त्यांना बघायचं असतं. पाय कळला की माणूस कळला, असं त्यांचं शास्त्र आहे. "डावा मागं घेनारा इचार करून घेतो," ते सांगतात, "उजवा घेनारा भिऊन घेतो. आनी दोनी पाय उचलनाऱ्याला पोरगी द्यायची नस्ती."

या शास्त्रातून कुणी सुटलेलं नाही. नवा ग्रामसेवक हजर झाला त्याच दिवशी हातातल्या फायलींसकट पारावर जाऊन बसला. जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी रेटा दिला तेव्हा डॉक्टरांच्या हातात भरलेली सुई होती, ती म्हशीऐवजी गोठ्याच्या खांबात गेली. पुतणीच्या लग्नात अक्षता पडल्या, आप्पा आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले आणि त्यांनी नवरदेवालाच ढकललं. नवरदेव मुंडावळ्यांसह खुर्चीत कोसळला. "तोल न्हाई, पन सभाव गरीब हाय," हा निकाल त्यांनी माईकजवळ दिल्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

निकाल चुकतातही. सरपंचपदाच्या एका उमेदवाराबद्दल आप्पांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की हा उजवा पाय मागं घेतो, हा पडणार. तो दणक्यात निवडून आला. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "इलेक्शनात कुठं ढकलत्यात? तिथं वडत्यात."

मला ते कितीतरी वर्षं ढकलत आले. माझा निकाल मात्र त्यांनी कधी दिला नाही. दर वेळी मान हलवायचे. "मास्तर, तुमचं काय कळंना झालंय. तुमी ना डावा मागं घेता, ना उजवा. तुमी आपलं बाजूला सरकता."

लोक हसायचे, मीही हसायचो. आप्पांचं शास्त्र किती खरं ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या बाबतीत ते चुकलं नव्हतं. त्यांच्याविषयी आमच्या भागात अनेक वर्षं एक गोष्ट बोलली जात होती. ती खोटी होती आणि ती मी पसरवली होती. पण आधी आप्पांचं गुऱ्हाळ सांगायला हवं.

सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा जिथे सुरू होतो, तिथे उसाच्या शिवारात हे गुऱ्हाळ आहे. संपतो आणि सुरू होतो म्हणजे अगदी गुऱ्हाळाच्या पोटातच. दार साताऱ्यात आणि चुलवाण सांगलीत. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत तिथे गूळ शिजतो. मग गुळाची मोठी काहील पालथी पडते आणि त्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळाभर कुणी फिरकत नाही.

कुस्तीचाही हंगाम साधारण तोच. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, मैदानं भरतात, ती उन्हाळा सरेपर्यंत. पाऊस लागला की मैदानं बंद. हायस्कुलातली पोरं तेव्हा चार जोर-बैठका मारतात, बाकी वेळ मोबाईल बघतात आणि अंग धरतात. आप्पांना वाटलं, गुऱ्हाळ मोकळं, पोरं मोकळी, मीही मोकळा. त्यांनी शेडच्या मधोमध कुस्तीचा हौदा खणला, तांबडी माती आणून टाकली, तिच्यात ताक, हळद, तेल आणि लिंबं घातली आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांना निरोप धाडले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पोरं पाठवा, रविवारी सांजच्या एसटीला बसवून देतो.

हौदा नेमका शिवेवर आला. धोबीपछाड बसली की साताऱ्याचं पोरगं सांगली जिल्ह्यात जाऊन पडायचं. आप्पा काठावरून म्हणायचे, "आलायस तर च्या पिऊन जा गड्या."

गुळाचा वास त्या मातीतून कधी गेला नाही, त्यामुळे मुंगळे फार. पोरानं पाठ टेकून जरा आळस केला की मुंगळा चावायचा आणि पोरगं टाचांवर कमान करून उठायचं. एका पालकानं औषध मारा म्हणून सुचवलं. आप्पा म्हणाले, "न्हाई. पाठ उचलाय त्येच शिकिवत्यात. मी हितं नुसता देखरेखीला."

पोरं कुठून कुठून यायची. पाटणकडची पोरं डोंगर उतरून शाळेला जाणारी, त्यांचे पाय खांबासारखे. फलटणची दूध-तुपावर पोसलेली, अंगावर पडली की श्वास कोंडायचा. आटपाडीकडची मेंढरांमागे फिरलेली, अंगावर मांस दिसत नाही आणि दम संपत नाही. आप्पांनी त्यांची वर्गवारी केली होती. "पाटनचं हलत न्हाई, फलटनचं उठू देत न्हाई आनी आटपाडीचं घरला जाऊ देत न्हाई."

एरवी ही पोरं एकमेकांना भेटतात ती थेट विभागीय शालेय स्पर्धेत, आणि तिथे शिकायला वेळ नसतो. वर्षभर आपल्याच तालमीतल्या चौघांशी धरून पोराला वाटू लागतं की जगात सगळे असेच लढतात. आप्पा म्हणायचे, "रोजच्या गड्यासंगं लढनं म्हंजी आपल्या घरात अंधारात चालनं. खांब कुठं, उंबरा कुठं, समदं ठावं. दुसऱ्याच्या घरात चाललायस का कवा?" पोरं मोबाईलवर परदेशी पैलवानांचे डाव दाखवायची. आप्पा ते डोळे बारीक करून शेवटपर्यंत बघायचे आणि विचारायचे, "ह्यात पडल्यावर लागतं का?"

शिबिराचे नियम दोन होते आणि दोन्ही जगाच्या उलटे.

शेडच्या भिंतीला गुळव्यांचे सदरे अडकवायला खुंट्यांची रांग होती. पहिल्या शनिवारी प्रत्येक पोरानं एकेका खुंटीला आपला सदरा टांगायचा आणि आपला हुकमी डाव सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. ज्याच्या जिवावर पोरगं आजवर जिंकत आलं, तो हुकमी डाव. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, जो असेल तो. सांगितला की तो डाव सदऱ्याबरोबर खुंटीला गेला. नारळी पौर्णिमेपर्यंत मारायचा नाही. मग पोराला दुसरं काहीतरी शोधावंच लागायचं, आणि शोधताना ते दणादण पडायचं. नारळी पौर्णिमेला सदरा खाली यायचा. आता तोच डाव मारायचा, पण तोवर बाकीच्यांनी तो मोडायचा कसा हे शिकून ठेवलेलं असायचं. त्याच्यापुढे आणखी काही जोडल्याशिवाय तो लागायचाच नाही.

"हंगामात पोरगं हराय भितं," आप्पा सांगायचे, "म्हून येकच डाव धरून बसतं. भ्यालेलं पोरगं नवं काय शिकनार? हितं कोन बगतंय? पडा की."

दुसरा नियम असा, की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या पाठीवरची माती पुसायची. टॉवेलनं नाही, हातानं. फलटणचा एक जाडजूड पोरगा पहिल्या आठवड्यात सगळ्यांना पाडून मिशीवर हात फिरवत होता. दुसऱ्या रविवारी तो पाठी पुसून पुसून इतका कंटाळला की त्याच्या आईनं निरोप पाठवला, पोराच्या हाताची हळद जाईना, वस्ताद स्वयंपाक करून घेतात का. आप्पांनी उलटा निरोप दिला, "पाठ पुसताना कळतं की दुसऱ्याला बी पाठ असती. तेवढं कळूंदे, मग हळद जाईल."

मी तेव्हा जवळच्या हायस्कुलात क्रीडाशिक्षक होतो. कुस्ती मी कधी खेळलो नव्हतो. माझा विषय खो-खो आणि संचलन, अंगात पांढरी पँट आणि गळ्यात शिट्टी. पण आमच्या भागात शाळेला कुस्तीची ढाल मिळाली नाही तर क्रीडाशिक्षकाला चहाच्या टपरीवर कुणी सरकून जागा देत नाही. म्हणून मी पोरं आप्पांकडे पाठवायचो, आणि फरक माझ्या डोळ्यांसमोर दिसायचा. जूनमध्ये एकाच डावावर उभं असलेलं पोरगं गणपती उठल्यावर तीन बाजूंनी यायला लागायचं. पूर्वी खाली सापडलं की डोळे मिटायचं, ते आता खालून हसायचं. ढाली आल्या. मुख्याध्यापक कपाटाची काच पुसून घ्यायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, हे आमच्या सरांचं यश. तेव्हा मात्र मी बाजूला सरकत नव्हतो.

मग सुहास आला.

सुहास नववीत असताना त्याच्या एकेरी पटाला तालुक्यात जोड नव्हती. एकेरी पट म्हणजे समोरच्याच्या एका पायात शिरायचं आणि तो उचलून घ्यायचा. पण सुहास असा शिरायचा की पाय गेल्याचं समोरच्याला पडल्यावर कळायचं. हा पोरगा विभागीय जिंकून राज्याला जाणार, अशी मला खात्री होती. त्याचे वडील कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, तेही येता-जाता ट्रॅक्टर थांबवून विचारायचे, "सर, जाईल का आमचं?" मी म्हणायचो, जाणारच.

आणि तिथेच माझं डोकं फिरलं. विभागीयला समोर सांगलीची पोरं असणार. तीच पोरं गुऱ्हाळात येणार. त्यांना आपला डाव आपणच सांगायचा आणि वर तो मोडायचा सरावही करून द्यायचा, हे मला पटेना. शनिवारी सुहासला एसटीत बसवताना मी त्याला बाजूला घेतलं.

"पट सांगू नकोस. ढाक सांग. आणि पट तिथे मारूही नकोस. त्यांचे डाव तेवढे बघून ये."

"खोटं सांगू, सर?"

"खोटं कशाला? झाकून ठेवायचं."

सुहासनं ढाक सांगितली, जी त्याला धड येतही नव्हती. आप्पांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि सदरा टांगायला लावला. नारळी पौर्णिमेनंतर सगळ्या पोरांनी मिळून सुहासची ढाक मोडली. पट तसाच कोरा राहिला.

विभागीय स्पर्धेत सांगलीच्या पोरासमोर सुहास सुरुवातीलाच पटात शिरला. ते पोरगं काही मोठं पैलवान नव्हतं. त्यानं पाय मागे टाकला आणि सुहासच्या मानेवर वजन दिलं, बस्स. पट मोडला आणि सुहास थांबला. गुडघ्यावर, हात पुढे, तोंडावर चुकीच्या वर्गात शिरलेल्या मुलाचा भाव. त्याचा पट आजवर कुणी मोडलाच नव्हता, त्यामुळे मोडल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. बाकीची पोरं नेमकं हेच गुऱ्हाळात शिकली होती. आम्ही तेवढंच झाकून ठेवलं होतं.

हॉलच्या बाहेर त्याच्या वडिलांनी मला गाठलं. "सर, पावसाळाभर शिबिराला गेलतं की पोरगं. मग आसं कसं?"

सुहास शेजारी उभा होता. ओल्या केसांचा, खाली बघत. मी म्हणालो, "तिथे हरायचीच सवय लावतात हो. हुकमी डाव मारू देत नाहीत. शिवाय आपले डाव सांगलीवाल्यांना कळतात ते वेगळंच."

हे वाक्य माझ्या आधी गावात पोचलं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या शाळेचं कुणी गेलं नाही. मग कोरेगावची पोरं थांबली, मग पाटणची. साताऱ्याची येत नाहीत तर आम्ही तरी का पाठवायची, म्हणून सांगलीकडच्या शाळांनीही हात आखडता घेतला. शिबिर कुणी बंद केलं नाही. ते आपोआप रिकामं झालं.

आप्पांना मूलबाळ नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तरी ज्येष्ठ लागला की ते हौदा उकरायचे, ताक ओतायचे, हळद घालायचे, माती पायानं मळायचे. पोरं नाहीत म्हटल्यावर जो सापडेल त्याला धरायचे. दूध घालायला आलेला गवळी पडला. वायरमन पडला. बियाण्याच्या कंपनीचा एक एजंट पत्ता विचारायला शेडमध्ये शिरला, तर आप्पांनी त्याला बूट काढायला लावून दोनदा पाडलं, त्याची पाठ पुसली, चहा पाजला आणि मग पत्ता सांगितला. हा एजंट नंतर आपली कंबरदुखी गेल्याचं सांगत फिरत होता. गाव म्हणे, म्हातारा चळला. टपरीवर हे किस्से रंगवून सांगितले जायचे. मला आता तिथे सरकून जागा मिळत होती. त्या जागेवर बसून मीही हसायचो.

यंदा उन्हाळा सरताना सुहास सुट्टीवर आला. आता तो फौजेत आहे, अंगानं भरलाय, बोलण्यात हिंदी शब्द येतात. मुद्दाम माझ्या घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "सर, माजी पुतनी प्राची आठवीत गेली. कुस्ती खेळती. आप्पांचं शिबिर कवा सुरू होतंय?"

"ते बंद पडलं रे."

"आसं." त्यानं कप खाली ठेवला. "ट्रेनिंगला गेल्यावर पयल्या महिन्यात नुसतं पडायलाच शिकिवलं आमाला. बाकीची पोरं रडकुंडीला आलती, मी एकटा हसत हुतो. उस्ताद म्हनला, किधर से सीखा? मी म्हनलं, गुऱ्हाळ से." तो हसला. मग म्हणाला, "तेवढं एक नाव खोटं सांगितलं बगा, सर. बाकी समदं त्यांनी दिलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

चार दिवस टाळाटाळ करून मी एका दुपारी गुऱ्हाळावर गेलो. बारीक पाऊस होता. शेडचं दार उघडं होतं आणि आतून धप् असा आवाज येत होता, मग जरा वेळानं पुन्हा धप्. आप्पा अर्ध्या चड्डीवर हौद्यात उभे होते. हात छातीशी घेत, हनुवटी गळ्याला लावत आणि मागच्या मागे मातीत पडत. मग कुशीवर वळून, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश उठत. उठल्यावर पाठीची माती काढायला हात मागे नेत. हात पोचेना. तेव्हा ते खांबापाशी गेले आणि म्हशीनं घासावी तशी खांबाला पाठ घासू लागले.

मला बघून ते जवळ आले आणि छातीवर तळहात ठेवून रेटा दिला. मी बाजूला सरकलो. "रामराम मास्तर," ते म्हणाले.

"आप्पा, हे काय करताय?"

"पडतोय."

"ते दिसतंय. पण एकटेच?"

"सवय मोडाय नगं. उद्या पोरं आली आनी मलाच पडाय आलं न्हाई तर?"

पालथ्या काहिलीवर बसून मी सगळं सांगितलं. एसटीत बसवताना काय बोललो, ढाकेचं नाव कुणी सांगायला लावलं, हॉलबाहेर सुहासच्या वडिलांना काय सांगितलं. आप्पा पायाच्या अंगठ्यानं माती सारखी करत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. दारात ढकलला तवा पोरगं खाली वाकलं, माज्या पायाकडं. ढाकवालं पोरगं वर येतं, गळ्याला. अंगात पट आनी तोंडात ढाक. त्ये काय सवताहून खोटं बोलनारं पोरगं न्हवं. म्हंजी कुनीतरी शिकिवलंय."

"मग बोलला का नाहीत? तेव्हा नाही तर नंतर तरी. मी गावभर सांगत होतो."

आप्पांनी खांबाला पाठ टेकली. "पोरांम्होरं मास्तरची पाठ मातीला लावायची नस्ती," ते म्हणाले. "अजून दहावी हुती त्येची. तुमच्याच वर्गात बसनार हुतं."

"पण तुमचं शिबिर गेलं की."

"माती कुठं गेलीया?"

मी म्हणालो, शाळेच्या पालकसभेत हे सगळं सांगणार आहे. त्यावर ते चिडले. म्हातारपणी नसते उद्योग करू नका, झालं ते झालं, असं बरंच काही बोलले. मी दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांचं चाललं होतं.

पालकसभेत मी पाच मिनिटं मागून घेतली. मुख्याध्यापकांना वाटलं, सर सूर्यनमस्कारांवर बोलणार. मी सुहासचं सांगितलं. आप्पांचं शिबिर हरायला शिकवत नाही, हरल्यावर पुढे काय करायचं ते शिकवतं, आणि आमच्या पोरानं ते शिकू नये याची व्यवस्था मीच केली होती, असं सांगितलं. मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजी कपाटातल्या ढाली बी आप्पाच्याच का सर?"

"त्याही."

हशा झाला. तो ओसरल्यावर सुहासचे वडील उठले. आता ट्रॅक्टर सोडलाय त्यांनी, हातात काठी असते. "सर, तुमच्या शब्दावर मी आप्पाला एवढी वर्सं शिव्या घातल्या," ते म्हणाले. "त्येंचं काय करायचं?"

 मी हात जोडून उभा राहिलो. ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "आमच्या नातीचं नाव घाला शिबिरात."

पहिल्या शनिवारी फार पोरं आली नाहीत, पण आली. आमच्या शाळेची आली, पाटणची आली, आणि आटपाडीची उशिराच्या एसटीनं आली. तीन मुली होत्या. आप्पांना मुलींना कसं ढकलावं ते कळेना, म्हणून त्यांनी त्यांना सांगितलं, तुमीच मला ढकला. प्राचीनं ढकललं. आप्पा डावा पाय मागे घेऊन खूश झाले.

मग खुंट्यांची पाळी आली. एकेक पोर सदरा टांगून डाव सांगू लागलं. प्राचीनं आपलं जॅकेट टांगलं, वळली आणि सांगलीच्या पोरांकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "एकेरी पट."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "लय चांगला डाव हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊंदे खुंटीला."

दुपारभर पोरं पडत राहिली, एकमेकांच्या पाठी पुसत राहिली. उन्हं कलली तेव्हा आप्पांनी सगळ्यांना विहिरीवर हातपाय धुवायला पिटाळलं. शेवटचं पोरगं गेल्यावर त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं.

"आता पोरं न्हाईत," ते म्हणाले. "सदरा काढा मास्तर."

"आप्पा, माझं वय बघा."

"माजं बगा की."

मी सदरा काढला आणि कडेच्या मोकळ्या खुंटीला टांगला.

"हुकमी डाव सांगा."

मी म्हणालो, "बाजूला सरकणं."

"मोठ्यानं."

"बाजूला सरकणं."

"टांगला," आप्पा म्हणाले, आणि हौद्यात उतरले. इतक्या वर्षांत मी कधी त्या मातीत पाय ठेवला नव्हता. ती गार होती आणि तिला गुळाचा वास होता. आप्पांनी तळहात माझ्या छातीवर ठेवला. मी हात छातीशी घेतले, हनुवटी गळ्याला लावली. त्यांनी रेटा दिला. मी सरकलो नाही.

"पाठ लागली," आप्पा वरून म्हणाले. मग हात देऊन त्यांनी मला उठवलं, खांद्याला धरून पाठमोरा केला आणि पाठीवरची माती पुसायला लागले. हाताला घट्टे होते, पण पुसणं हलकं होतं. खांद्यापासून खाली, मग पुन्हा खांद्यापासून. बाहेर पोरं विहिरीवरून परत आली, कुणीतरी दार वाजवलं. आप्पा म्हणाले, "थांबा रं जरा," आणि पुसत राहिले.

माझ्या पाठीवर एवढी माती नव्हती.